स्तनांची रिव्हिजन शस्त्रक्रिया: मुंबई, पुणे, नागपूर, गोवा – खर्च किती आणि पैसे कसे उभे करायचे?

मृदगंध_७ (धागाकर्ती)

इम्प्लांट बदलणं, काढणं, कॅप्सूल (इम्प्लांटभोवती शरीर तयार करतं ते आवरण) सोडवणं, कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेत दुरुस्ती करणं, या सगळ्याला हॉस्पिटलात सरसकट 'रिव्हिजन' म्हणतात. फोन करून दर विचारला की 'दोन ते पाच लाख' असं उत्तर मिळतं आणि त्यातून काहीच कळत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी नेमके आकडे, कागद आणि अडचणी लिहाव्यात. डॉक्टर किंवा हॉस्पिटलची नावं सुचवू नयेत, मागूही नयेत.

सुरुवात मी करते. खालचे आकडे एका ठरावीक शस्त्रक्रियेचे आहेत: दोन्ही बाजूंची कॅप्सूल काढून नवीन गोल सिलिकॉन इम्प्लांट, संपूर्ण भूल, एक रात्र मुक्काम, जीएसटी सोडून. कोटेशनमध्ये साधारण असे पट्टे दिसतात.

मुंबईतलं मोठं कॉर्पोरेट हॉस्पिटल: ३ ते ५ लाख
मुंबई-ठाण्यातलं छोटं नर्सिंग होम: २ ते सव्वातीन लाख
पुणे, गोवा: सव्वादोन ते साडेतीन लाख
नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर-सांगली: १.८ ते पावणेतीन लाख

पुण्यातल्या मध्यम हॉस्पिटलचं एक नमुना बिल मांडते, म्हणजे पैसा कुठे जातो ते दिसेल. सर्जन ८०,०००. भूलतज्ज्ञ २०,०००. ओटी (ऑपरेशन थिएटर) तीन तास ४०,०००. रूम ६,०००. इम्प्लांट जोडी ९०,०००. औषधं आणि कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायचं साहित्य) २०,०००. दोन्ही कॅप्सूलची हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या भागाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) ४,०००. बेरीज २,६०,०००. बाहेरून घ्यायच्या दोन सर्जिकल ब्रा वेगळ्या, साधारण ४,०००.

हेच काम नागपुरात: सर्जन ६०,०००, भूलतज्ज्ञ १५,०००, ओटी २५,०००, रूम ३,०००, इम्प्लांट तेच ९०,०००, औषधं १७,०००, हिस्टोपॅथ ३,०००. बेरीज २,१३,०००.

म्हणजे फरक ४७,०००. इम्प्लांट कुठेही त्याच भावाला पडतो, कारण तो मोजक्या आयातदारांकडून येतो. आता कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं 'अधिक जीएसटी' बघा. शस्त्रक्रिया कॉस्मेटिक धरली तर पुण्याच्या बिलावर १८ टक्क्यांनी ४६,८०० चढतात. शहर बदलून जेवढे वाचतात, जवळपास तेवढेच कागदावर कारण काय लिहिलंय यावरून कमीजास्त होतात. विम्याचा निकाल तर पूर्णच त्या कारणावर लागतो. त्यामुळे 'कुठे स्वस्त' याच्या आधी 'निदान काय लिहिलंय' हा प्रश्न विचारावा, असं माझं ठाम मत आहे.

---

शल्यक_नागपूर

धागा उपयोगी आहे. प्लास्टिक सर्जरीच्या बाजूने भर घालतो.

पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा रिव्हिजन महाग का, हे पेशंटला कोणी नीट सांगत नाही. पहिल्या वेळी टिश्यू कोरी असते, दीड-दोन तासांत काम होतं. रिव्हिजनला जुना व्रण, इम्प्लांटभोवतीची जाड कॅप्सूल, कधी फुटलेल्या इम्प्लांटचं चिकट जेल, बदललेली रक्तपुरवठ्याची वाट, असं सगळं सोडवत जावं लागतं. दोन तासांचं काम चारवर जातं. ओटी तासावर मोजतात आणि भूलतज्ज्ञाची फी बहुतेक ठिकाणी सर्जनच्या फीच्या २०-२५ टक्के असते, म्हणून दोन्ही आकडे एकदम वाढतात.

बिल कशाने किती हलतं:

नुसतं इम्प्लांट काढायचं असेल तर इम्प्लांटचे पैसे वजा होतात आणि वेळही कमी लागतो. पण काढल्यावर त्वचा सैल पडते. त्याच बैठकीत लिफ्ट (स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया) केली तर दीड-दोन तास वाढतात आणि वाचलेले पैसे तिकडे जातात.

इम्प्लांट खाली घसरलं असेल किंवा मध्यभागी सरकून दोन्ही स्तन जोडल्यासारखे दिसत असतील तर नुसतं इम्प्लांट बदलून उपयोग नाही. कप्पा टाके घालून बंद करावा लागतो किंवा स्नायूखाली नवा कप्पा करावा लागतो. त्वचा पातळ असेल तर आधाराला जाळी किंवा एडीएम लागतं. एडीएम हा प्रक्रिया केलेल्या त्वचेचा तुकडा असतो, आयात होतो, आणि एका बाजूला लाखाच्या वर सहज जातो. कोटेशनमध्ये 'एडीएम लागल्यास जादा' असं लिहिलेलं असेल तर तो आकडा आधी मागा, ओटीच्या दारात नको.

चरबी भरून कडा झाकायच्या असतील तर भरलेल्या चरबीतली साधारण ५० ते ७० टक्के टिकते. दुसरी बैठक लागू शकते. पॅकेज एका बैठकीचं आहे की दोन, हे विचारा.

'एन ब्लॉक' हा शब्द सध्या जाहिरातींत फार दिसतो आणि त्यासाठी वेगळे पैसे सांगितले जातात. कॅप्सूलसकट इम्प्लांट अखंड काढणं हे कॅन्सर किंवा त्याचा सबळ संशय असेल तेव्हाचं काम आहे. एरवी मागची भिंत बरगड्यांना घट्ट चिकटलेली असेल तर ती खरवडताना फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचा धोका असतो. अशा वेळी थोडी कॅप्सूल जागेवर ठेवणं योग्य असतं. घाबरवून त्याचे जादा पैसे कोणी मागितले तर दुसरं मत घ्या.

घाईही करू नका. इन्फेक्शन, रक्त साचणं, इम्प्लांट उघडं पडणं यांना लगेच हात घालावा लागतो. आकार, असमानता, व्रण यांसाठी किमान सहा महिने थांबावं. रेडिएशन झालं असेल तर ते संपल्यापासून किमान सहा महिने. कच्च्या व्रणावर केलेली दुरुस्ती पुन्हा बिघडते आणि तेवढाच खर्च परत येतो.

---

कातळशिल्प

दोन प्रश्न. इम्प्लांटच्या किमतीवर स्टेंटसारखी सरकारी मर्यादा आहे का? आणि 'वर्षभरात काही झालं तर फुकट करून देऊ' असं सर्जन म्हणतात त्याचा नेमका अर्थ काय?

---

मृदगंध_७

@कातळशिल्प, मर्यादा नाही. २०१७ साली स्टेंट आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती ठरवल्या गेल्या, स्तनांच्या इम्प्लांटच्या नाहीत. मात्र १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं 'औषध' या व्याख्येत आली आहेत. त्यामुळे डब्यावर छापील एमआरपी असतो आणि बारा महिन्यांत तो १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. बिलातली रक्कम डब्यावरच्या एमआरपीशी ताडून पाहा. साधारण गुळगुळीत गोल जोडी ६०,००० ते १,२०,००० मध्ये बसते, नव्या प्रकारच्या पृष्ठभागाच्या जोड्या त्याहून वर जातात.

'फुकट'चा अर्थ बहुतेक वेळा सर्जनची फी माफ, एवढाच असतो. ओटी, भूल, रूम, औषधं, नवीन इम्प्लांट हे सगळं तुमच्याकडे. वरच्या पुण्याच्या नमुन्यात ८०,००० माफ झाले तरी १,८०,००० भरावे लागतील. कशासाठी माफ, किती महिने, कोणत्या हॉस्पिटलात, हे शस्त्रक्रियेआधी लेटरहेडवर घ्या.

---

खिडकी_क्र_४

टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी संस्था) डेस्कवर या फाइल्स कशा हलतात ते सविस्तर लिहिते. इथेच सगळ्यात जास्त पैसे अडकतात.

आरोग्य विम्याच्या सगळ्या पॉलिसींत आयआरडीएआयने (विमा क्षेत्राच्या नियामकाने) ठरवून दिलेलं एक समान कलम असतं, क्रमांक एक्सेल-०८. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही. अपवाद: अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना, किंवा विमेदाराच्या प्रकृतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी गरजेचा असलेला उपचार. ही गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केलेली हवी. पॉलिसीत हे कलम काढून एकदा शांतपणे वाचा. सगळा वाद याच दोन अपवादांभोवती फिरतो.

१) कॅन्सरनंतरची पुनर्रचना आणि तिची रिव्हिजन. केस मजबूत असते, पण फाइल कच्ची गेली की नाकारली जाते. सगळ्यात जास्त नकार येतात ते प्रवेशपत्रावर 'इम्प्लांट एक्स्चेंज' एवढंच लिहिल्यामुळे. पलीकडे बसलेला माणूस ते वाचून थेट एक्सेल-०८ लावतो. डॉक्टरने पूर्ण निदान लिहायला हवं: कोणत्या साली कोणत्या बाजूची मास्टेक्टॉमी (स्तन काढण्याची शस्त्रक्रिया), पुनर्रचना कधी, रेडिएशन झालं का, आता काय आहे (उदाहरणार्थ बेकर ग्रेड ४ कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर, म्हणजे कॅप्सूल आवळून कडक होणं, वेदना, हात वर करताना ओढ), आणि काय करणार. इम्प्लांट फुटणं, सरकणं यांसाठी आयसीडी-१० (आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) मध्ये टी८५.४ हा कोड आहे, इन्फेक्शनसाठी टी८५.७. कोड बरोबर पडला की अर्ध्या शंका येतच नाहीत.

सोबत लावायचं: मास्टेक्टॉमीचं डिस्चार्ज कार्ड, त्या वेळचा हिस्टोपॅथ रिपोर्ट, पुनर्रचनेची ऑपरेशन नोट, इम्प्लांटचे स्टिकर, आताची सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि गरजेचं प्रमाणपत्र. फोटो मागितले तर ते डॉक्टरकडूनच, चेहरा वगळून पाठवावेत.

२) दुसऱ्या, निरोगी बाजूची शस्त्रक्रिया. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसरा स्तन छोटा करतात किंवा उचलतात. भारतातल्या पॉलिसीत याचा वेगळा हक्क लिहिलेला नसतो आणि हे 'दिसण्यासाठी' म्हणून बऱ्याचदा कापलं जातं. अंदाजपत्रकात दोन्ही बाजू वेगवेगळ्या ओळींत मांडून घ्या. एकाच आकड्यात मिसळलं तर एका बाजूच्या शंकेपायी सगळी फाइल थांबते.

३) मूळ इम्प्लांट सौंदर्यासाठी बसवलेलं. इथे कॉन्ट्रॅक्चर, घसरणं, आकार आवडला नाही, यांचा क्लेम मिळत नाही असंच धरून चाला. पण पू झाला, इम्प्लांट त्वचेतून उघडं पडलं, ताप आहे, तर तातडीचा धोका या अपवादाखाली *काढण्याचा* खर्च मागता येतो. नवीन बसवण्याचा नाही. आणि इम्प्लांटशी संबंधित लिम्फोमा निघाला तर तो कॅन्सर आहे, त्याच्या उपचाराला कॉस्मेटिकचं कलम आडवं येऊ नये. पॉलिसी घेताना इम्प्लांट असल्याचं प्रपोजल फॉर्मवर सांगितलं होतं का, हे मात्र नक्की तपासलं जातं.

कारण बदलून लिहून घ्यायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. पाच वर्षं म्हणजे ६० महिने सलग हप्ते भरल्यावर कंपनी जुनी माहिती लपवल्याचं कारण काढू शकत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण जातं आणि पुढच्या खऱ्या आजाराच्या वेळी हात रिकामे राहतात. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा आहे, तो संपलाय का तेही बघा.

रूमचं गणित. पॉलिसीत रूमची मर्यादा ४,००० आणि तुम्ही ८,०००ची खोली घेतली तर जादा ४,००० भरून सुटका होत नाही. सर्जन, भूल, ओटी हे खर्चही त्याच प्रमाणात निम्मे कापले जाऊ शकतात. इम्प्लांट, औषधं-कन्झ्युमेबल्स आणि तपासण्या मात्र या प्रमाणशीर कपातीतून वगळलेल्या आहेत. कुणी इम्प्लांटचं बिल अर्धं केलं असेल तर लेखी हरकत घ्या. पैसे परत मिळतात.

कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा मे २०२४ पासून नियम आहे. पण रिव्हिजनसारख्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची फाइल आठवडाभर आधी पाठवा, म्हणजे शंका आल्या तर कागद जमवायला वेळ मिळतो.

नाकारलं तर: आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा. नकारपत्रात कोणतं कलम लावलंय ते लेखी मागून घ्या. तोंडी 'कव्हर होत नाही' हे उत्तर स्वीकारू नका.

---

शल्यक_नागपूर

@खिडकी_क्र_४ यांचा पहिला मुद्दा आमच्या लोकांनी भिंतीवर लावावा. ओपीडीत घाईने लिहिलेल्या दोन शब्दांमुळे पेशंटचे लाख-दीड लाख जातात. बेकर ग्रेडही लिहायला हवाच: १ म्हणजे मऊ, २ म्हणजे हाताला किंचित कडक, ३ म्हणजे कडक आणि आकार बदललेला दिसतो, ४ म्हणजे शिवाय दुखतं.

---

ताळेबंद

कराची बाजू. धागाकर्तीचा हिशोब बरोबर आहे, पण त्यातली एक गोष्ट नीट कळायला हवी.

आरोग्यसेवा जीएसटीमुक्त आहे. २०१७ च्या अधिसूचना क्रमांक १२ मध्ये केशरोपण आणि कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी त्यातून वगळली आहे. त्या वगळण्यालाही अपवाद आहे: जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना किंवा कार्य पूर्ववत करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया करमुक्त. कॉस्मेटिक असेल तर अख्ख्या पॅकेजवर १८ टक्के लागतो, त्यातल्या इम्प्लांटसकट, कारण ती एकत्रित सेवा ठरते.

वैद्यकीय कारण असेल तर पुण्याच्या नमुना बिलावर फक्त रूमचा कर येतो. आयसीयू सोडून दिवसाला ५,००० च्या वरच्या रूमवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे, म्हणजे ६,००० वर ३०० रुपये. एकूण २,६०,३००. कॉस्मेटिक धरलं तर ३,०६,८००.

---

कातळशिल्प

त्या यादीत कॅन्सर नाहीच की. मग मास्टेक्टॉमीनंतरच्या रिव्हिजनवर १८ टक्के लावले तर?

---

ताळेबंद

बरोबर हेरलंत. 'कॅन्सर' हा शब्द तिथे नाही. पण आजारावरचा उपचार ही मुळातच आरोग्यसेवा आहे, आणि मास्टेक्टॉमीने गेलेला अवयव पुन्हा घडवणं हा त्याच उपचाराचा पुढचा टप्पा आहे, अशी सरळ मांडणी होते. तरीही एखादं बिलिंग सॉफ्टवेअर 'प्लास्टिक सर्जरी विभाग' दिसला की आपोआप १८ टक्के चढवतं. ॲडव्हान्स भरण्याआधी अंदाजपत्रकावर 'कॅन्सर उपचारानंतरची पुनर्रचना, जीएसटी लागू नाही' असं लिहून मागा. बिल झाल्यावर दुरुस्त करून घेणं फार जिकिरीचं असतं.

प्राप्तिकर. प्राप्तिकर कायद्यातली एक तरतूद (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडीबी) कॅन्सरच्या उपचारासाठी ४०,००० पर्यंत, आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १,००,००० पर्यंत वजावट देते. फक्त जुन्या करप्रणालीत. तज्ज्ञ डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि विम्यातून मिळालेली रक्कम वजा होते. निव्वळ सौंदर्यासाठीच्या खर्चावर कसलीच सवलत नाही.

---

समाजसेवा_विभाग

विमा नसलेल्यांसाठी. हे सगळं कॅन्सर, भाजणं, अपघात अशा वैद्यकीय कारणांसाठी आहे. कॉस्मेटिकला यातलं काहीही मिळत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आयुष्मान भारतशी जोडलेली. पण कोणती शस्त्रक्रिया बसते ते पॅकेजच्या यादीवर ठरतं. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरचं निदान घेऊन जा आणि 'या निदानाला कोणता पॅकेज कोड लागतो' असा थेट प्रश्न विचारा. 'स्कीम आहे का' असं विचारलं तर उत्तर अर्धवट मिळतं. हेल्पलाइन १५५३८८.

धर्मादाय हॉस्पिटलं: महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१एए खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत आणि ३,६०,००० पर्यंत अशा मर्यादा आहेत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मुख्य. इम्प्लांटसारख्या वस्तूंचं काय, याची चर्चा वैद्यकीय समाजसेवकाशी दाखल होण्याआधी करा. पुण्या-मुंबईची कित्येक नामवंत हॉस्पिटलं या यादीत आहेत, हे लोकांना माहीतच नसतं.

मुख्यमंत्री सहाय्यता निधी: अर्ज उपचार चालू असताना किंवा आधी. खर्च करून झाल्यावर प्रतिपूर्ती मिळत नाही, त्यामुळे बिल घेऊन नंतर गेलात तर फेरी वाया जाते.

गोवा: पाच वर्षांच्या रहिवाशांसाठी दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला ४ लाख. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, आधी तिथे दाखवा.

सरकारी आणि पालिका हॉस्पिटलं: मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून. शस्त्रक्रियेचा खर्च नाममात्र, पण इम्प्लांट बाहेरून आणायला सांगू शकतात. म्हणून तिथे एक प्रश्न जरूर विचारा: पाठीचा किंवा पोटाचा स्वतःचा टिश्यू वापरून करता येईल का? अशा टिश्यूला फ्लॅप म्हणतात, त्याला इम्प्लांट लागत नाही. शस्त्रक्रिया लांब असते, मुक्काम जास्त, पण रेडिएशन झालेल्या छातीवर इम्प्लांट वारंवार आवळत असेल तर हाच मार्ग बऱ्याचदा टिकाऊ ठरतो.

---

गवतफुला

हॉस्पिटलं 'नो कॉस्ट ईएमआय' देतात. त्यात गोम काय आहे?

---

ताळेबंद

@गवतफुला, दोन लाखांवर २ टक्के प्रोसेसिंग फी म्हणजे ४,००० आणि त्यावर जीएसटी ७२०. शिवाय रोख भरणाऱ्याला ५ टक्के सूट मिळत असेल तर तुमचे १०,००० गेले. म्हणजे बारा महिन्यांच्या 'बिनव्याजी' कर्जाला १४,७२० पडले. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावंच लागतं, त्यात सगळी फी धरून वार्षिक दर छापलेला असतो. तोच आकडा दोन ठिकाणी ताडून बघा.

साधं वैयक्तिक कर्ज: २ लाख, १४ टक्के, २४ महिने, हप्ता सुमारे ९,६०० आणि एकूण व्याज साधारण ३०,५००. मुदत ठेव असेल तर ती मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घेणं बहुतेक वेळा स्वस्त, दर ठेवीच्या दरापेक्षा १-२ टक्के वर असतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आणि कॅन्सरसाठी ईपीएफमधूनही आगाऊ रक्कम काढता येते. क्रेडिट कार्डवर थकवणं हा यातला सगळ्यात महाग मार्ग आहे.

कॅन्सरच्या निदानावर एकरकमी पैसे देणारी क्रिटिकल इलनेस पॉलिसी असेल तर तिथे बिलाचा प्रश्नच नाही. ती रक्कम दुसऱ्या बाजूच्या शस्त्रक्रियेसाठीही वापरता येते, जी मेडिक्लेम कापतो.

---

पैलतीर

अमेरिकेतून 'पुण्यात जाऊन करून येऊ' असा विचार बऱ्याच मराठी बायका करतात. मास्टेक्टॉमीनंतरची रिव्हिजन असेल तर आधी तिथला विमा तपासा. १९९८ च्या कायद्यानुसार मास्टेक्टॉमीला संरक्षण देणाऱ्या योजनांना पुनर्रचना, दुसऱ्या बाजूची समानता आणि हाताच्या सुजेसकट पुढच्या गुंतागुंती यांचाही खर्च द्यावा लागतो. जे इथे कापलं जातं ते तिथे हक्काने मिळतं. डिडक्टिबल (विम्याचे पैसे सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) वर्षाच्या सुरुवातीला शून्यापासून मोजला जातो, त्यामुळे इतर उपचारांनी तो भरलेला असेल तर त्याच वर्षात शस्त्रक्रिया उरकावी.

कॉस्मेटिकसाठी भारतात यायचंच असेल तर दोन आठवड्यांची सुट्टी अपुरी आहे.

---

शल्यक_नागपूर

सहमत. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) २४ तासांत ३० मिलीच्या खाली आला की काढतो, त्याला पाच-सात दिवस लागू शकतात. जखम दहाव्या ते चौदाव्या दिवशी बघावी लागते. इन्फेक्शन बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत दिसतं. किमान तीन-चार आठवडे हाताशी हवेत. हेच कोल्हापूरहून मुंबईला जाणाऱ्यांनाही लागू आहे: सोबतच्या माणसासह पाच फेऱ्या आणि मुक्काम धरले तर शहर बदलून वाचवलेले किंवा जादा मोजलेले पैसे वेगळेच दिसायला लागतात.

---

गवतफुला

दहा-बारा वर्षांपूर्वीचं इम्प्लांट आहे, त्याच्या माहितीचं कार्ड हरवलंय, त्रास काही नाही. काढावं लागतं का? आणि तपासणीचा खर्च?

---

शल्यक_नागपूर

ठरावीक वर्षांनी काढलंच पाहिजे असा नियम नाही. सिलिकॉन इम्प्लांट आतल्या आत, काही न जाणवता फुटू शकतं. म्हणून बसवल्यावर ५-६ वर्षांनी पहिली आणि पुढे दर २-३ वर्षांनी सोनो किंवा एमआरआय करावा, असं अमेरिकेच्या एफडीएने २०२० साली सुचवलं. आधी अनुभवी रेडिओलॉजिस्टकडून सोनो, शंका आली तर एमआरआय. सोनो दीड-दोन हजारांत होते, एमआरआय ८ ते १५ हजार. इम्प्लांट फुटलंय का एवढंच बघायचं असेल तर कॉन्ट्रास्टची (शिरेतून द्यायच्या औषधाची) गरज नसते, ते पैसे वाचतात. एक सावधगिरी: पुनर्रचनेत आधी बसवलेला एक्सपांडर (त्वचा ताणण्यासाठीची तात्पुरती पिशवी) आत असेल तर त्याच्या पोर्टमध्ये (भरण्याच्या तोंडाशी) बऱ्याचदा चुंबक असतो. एमआरआयवाल्यांना हे न विचारता सांगायचं.

जुलै २०१९ मध्ये अलरगन कंपनीची बायोसेल प्रकारची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत बोलावली गेली, कारण त्यांच्याशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा संबंध दिसला. लक्षण नसेल तर ती काढण्याची शिफारस नाही. पण बऱ्याच वर्षांनी एक बाजू अचानक सुजली, आत पाणी झालं, तर ते पाणी फेकून न देता सायटॉलॉजी (पेशींची तपासणी) आणि सीडी३० (या लिम्फोमाच्या पेशींची खूण) तपासणीला पाठवावं. शक्य तेवढं जास्त, ५० मिलीपर्यंत. नुसतं काढून टाकून 'बघू' म्हणणं चुकीचं आहे.

---

खिडकी_क्र_४

कार्ड हरवलं असेल तर मूळ हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करा. दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. तीन वर्षांनंतर कागद असतीलच असं नाही, म्हणून आत्ताच मागा. ऑपरेशन नोट आणि स्टिकरचा कागद, दोन्ही. स्टिकरवर कंपनी, लॉट, सिरीयल नंबर आणि मिलीमधला आकार असतो.

कागद मिळालाच तर कंपनीची वॉरंटी बघा. इम्प्लांट फुटल्यास बहुतेक कंपन्या नवीन देतात, काही कंपन्या ग्रेड ३-४ कॉन्ट्रॅक्चरलाही ठरावीक वर्षांपर्यंत देतात. वरच्या नमुन्यात ते ९०,००० आहेत. पण अर्ज शस्त्रक्रियेआधी किंवा मुदतीत करावा लागतो आणि काढलेलं इम्प्लांट कंपनीकडे परत पाठवावं लागतं. ओटीत ते जैविक कचऱ्याच्या पिशवीत गेलं की वॉरंटी संपली. सर्जनला आणि ओटीच्या सिस्टरना आदल्या दिवशी सांगा, संमतीपत्रावर 'काढलेले इम्प्लांट जपून द्यावे' अशी ओळ लिहा. वॉरंटीत इम्प्लांट मिळालं तर अंदाजपत्रकातून ती रक्कम वजा झालीय का तेही पाहा. दोनदा लावल्याची बिलं येतात.

---

मृदगंध_७

सर्वांचे आभार. कोटेशन मागताना पाठवायचा मजकूर खाली देते, जसाच्या तसा ईमेल करता येईल. तीन ठिकाणांहून एकाच नमुन्यात उत्तर आलं तरच तुलना होते.

"निदान (बाजू व बेकर ग्रेडसह): ____. नियोजित शस्त्रक्रिया, प्रत्येक बाजूची वेगळी: ____. सर्जन फी, भूलतज्ज्ञ फी, ओटीचा तासाचा दर व अंदाजे तास, रूम, इम्प्लांटची कंपनी-प्रकार-एमआरपी, जाळी किंवा एडीएम लागल्यास रक्कम, औषधे व कन्झ्युमेबल्स, हिस्टोपॅथॉलॉजी. जीएसटी लागू आहे का, असल्यास कशावर. शस्त्रक्रिया ठरल्यापेक्षा लांबल्यास तासाला जादा किती. वर्षभरात पुन्हा शस्त्रक्रिया लागल्यास कोणती फी माफ. फॉलोअपच्या किती भेटी धरल्या आहेत. काढलेले इम्प्लांट व स्टिकर रुग्णास मिळतील का."

नाशिक, अमरावती आणि सोलापूरचे आकडे कोणाकडे असतील तर याच नमुन्यात, ओळीवार टाका. नुसती एकूण रक्कम टाकलेले प्रतिसाद तुलनेला उपयोगी पडत नाहीत.